कलेवर पोट भरायचं तर: नव्या कलाकारासाठी कामाचं गणित

‘नोकरी सोडू का?’ असं नवे कलाकार सगळ्यात आधी विचारतात. खरं तर हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. त्याच्या आधी काही साधे, रुक्ष प्रश्न सोडवावे लागतात. महिन्याला किती लागतात, कोणतं काम विकायचं आणि कोणतं नाही, तासाचा दर किती, लेखी काय ठरवून घ्यायचं. हे सुटले की नोकरीचं उत्तर बहुधा समोर येऊन उभं राहतं.

पैशानं कला बाटते असं मानणारे आणि ‘विकली जात नाही ती कला कसली’ असं म्हणणारे, दोघांच्याही नादी लागू नका. कला आणि कमाई यांचं भांडण बहुतेक वेळा हिशेब न मांडल्यामुळे होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. हिशेब मांडला की आपल्या कलेचा कोणता भाग कमावणार आणि कोणता भाग आपण कमाईपासून राखणार, हे ठरवता येतं. पुढच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत. मी चित्रकार असल्यानं उदाहरणं जास्त करून चित्रांची येतील. गाणाऱ्यांनी, वाजवणाऱ्यांनी, मूर्ती घडवणाऱ्यांनी, फोटो काढणाऱ्यांनी ती आपापल्या कामाला लावून बघावीत.

१. तीन याद्या करा

१९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. मुळातच स्केचपेननं चित्रं काढण्यात रमणारी मुलं त्यांनी निवडली होती. काहींना आधीच सांगितलं, की चित्र काढलंस तर सोनेरी शिक्का आणि रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्रक मिळेल. काहींना आधी काही न सांगता, चित्र झाल्यावर तेच प्रशस्तिपत्रक दिलं. उरलेल्यांना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात पुन्हा स्केचपेन ठेवले, तेव्हा आधी कबूल केलेलं बक्षीस मिळालेली मुलं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत बसली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची गोडी मात्र कमी झाली नव्हती.

बालवाडीतल्या मुलांवरून सगळ्या जगातल्या कलाकारांबद्दल निष्कर्ष काढू नयेत, हे खरं. पण ज्यानं ज्यानं आवडीचं काम ऑर्डरीवर केलंय, त्याला या प्रयोगात ओळखीचं काहीतरी दिसतंच. मोबदला आधी ठरला की हात चालतो, पण त्या हातावर दुसऱ्याची नजर असते.

म्हणून एक कागद घ्या आणि तीन याद्या करा. पहिली, मागेल तसं करून देईन अशा कामांची. दुसरी, आधी माझ्या मनासारखं करीन, झाल्यावर कुणी घेतलं तर विकीन अशा कामांची. तिसरी, कधीच विकणार नाही अशा कामांची. समजा तुम्ही चेहरे चांगले काढता. मग फोटोवरून पोर्ट्रेट करून देणं पहिल्या यादीत जाईल. फिरायला जाऊन केलेली निसर्गचित्रं दुसरीत. रोजची स्केचबुकं तिसरीत. कुणी कितीही गळ घातली तरी तिसऱ्या यादीला हात लावायचा नाही, आणि तिच्यातलं काही समाजमाध्यमावर टाकायचंच असेल तर टाकण्याआधी दोनदा विचार करायचा. तिथली वाहवाही हाही मोबदलाच असतो.

दुसरी यादी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. प्रयोगातल्या अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांसारखी तिची गत आहे. नव्या माणसाची चूक अशी होते, की पहिली यादी चालायला लागली की तो दुसरीला वेळच देत नाही, आणि तीन वर्षांनी त्याच्याकडे दाखवायला फक्त इतरांच्या आवडीची कामं उरतात.

२. महिन्याचा आकडा काढा

इथे फार रेंगाळायचं कारण नाही, पण टाळायचंही नाही. गेल्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट घ्या आणि घर चालायला नक्की किती लागतात ते काढा. अंदाजानं नको, अंदाज नेहमी कमी येतो. वर्षातून एकदाच येणारे खर्च, म्हणजे विमा, दुरुस्त्या, फी, यांना बारानं भागून त्यात मिळवा.

कलेचे पैसे एका वेगळ्या खात्यात येऊ द्या. तिथून दर महिन्याला ठरलेली रक्कम घरखर्चाच्या खात्यात काढायची, जणू आपणच आपल्याला पगार देतोय. मोठी ऑर्डर आली म्हणून पगार वाढत नाही, कोरडा महिना गेला म्हणून घटत नाही. जमा झालेल्या प्रत्येक रकमेतून कराचा भाग त्याच दिवशी बाजूला काढा. हे पैसे आपले नसतातच, ते फक्त काही महिने आपल्या खात्यात मुक्कामाला असतात.

३. पोटासाठी नोकरी करायची तर कोणती

फिलिप ग्लास हे विसाव्या शतकातले फार मोठे संगीतकार. वयाची चाळिशी ओलांडेपर्यंत ते न्यूयॉर्कमध्ये प्लंबिंगची कामं करत होते, टॅक्सी चालवत होते. एकदा ते एका घरी डिशवॉशर बसवायला गेले. काम चालू असताना आवाज आला म्हणून त्यांनी वर पाहिलं, तर समोर ‘टाइम’ मासिकाचे कलासमीक्षक रॉबर्ट ह्यूज उभे. त्यांनी ग्लासना ओळखलं आणि ते चाट पडले. तुम्ही तर कलावंत आहात, इथे काय करताय, असं त्यांनी विचारलं. मी कलावंत आहे आणि कधीकधी प्लंबरही असतो, तेव्हा मला माझं काम पुरं करू द्या, अशा अर्थाचं काहीतरी ग्लासनी त्यांना ऐकवलं.

मला ही गोष्ट आवडते ती ग्लास यांच्या स्वाभिमानासाठी तर खरीच, पण त्यांनी केलेल्या निवडीसाठी जास्त. नळजोडणीचं काम संपलं की संपतं. रात्री डोक्यात घोळत राहत नाही, आणि सूर रचायला जी ताकद लागते तिला हात लावत नाही. लेखक फ्रान्झ काफ्का प्रागच्या कामगार अपघात विमा संस्थेत १९०८ ते १९२२ नोकरीत होते. तिथली वेळ दुपारी दोनच्या सुमारास संपायची. आधीच्या नोकरीत तास एवढे लांबायचे की लिहायला काही उरत नव्हतं, म्हणून त्यांनी ती वर्षभराच्या आतच सोडली होती. विमा कचेरीवर ते वैतागलेलेच असत, पण दुपार त्यांच्या हातात होती.

दुसरी वाट कलेच्या शेजारच्या कामाची. म. फि. हुसेन तरुणपणी मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवायचे, पुढे लाकडी खेळणी आणि मुलांच्या फर्निचरचं डिझाइन करायचे. अशा कामात हात तयार होतो. अवाढव्य आकारावर झपाट्यानं रंग लावायची सवय होर्डिंगवर लागते तशी इतर कुठे लागेल? पण त्याची किंमतही असते. दिवसभर दुसऱ्यासाठी डिझाइन करून आलेल्या माणसाला रात्री कोऱ्या कागदाकडे बघवत नाही. शिकवण्याचंही तसंच. शिकवताना स्वतःलाही बरंच उमगतं, पण दिवसाला तीनच्या वर वर्ग घेतले की स्वतःच्या रियाजाचं कठीण होतं.

तेव्हा नोकरी निवडताना पगाराच्या बरोबरीनं आणखी तीन गोष्टी विचारा. ती ठरल्या वेळी संपते का? घरी सोबत येते का? आणि माझ्या कलेला लागणारी जी शक्ती, मग ते डोळे असोत, आवाज असो, बोटं असोत की शब्द, तीच खर्च करते का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल, तर बाकीच्या दोन्हींची उत्तरं चांगलीच हवीत.

४. उरलेल्या वेळात करू म्हणू नका

वेळ उरत नसतो. आठवड्याचा कागद समोर ठेवा आणि स्वतःच्या कामाचे तास आधी भरा, मग बाकीचं बसवा. रोज दीड तास मिळाला तरी चालेल, पण तो रोज त्याच वेळी हवा, आणि शक्यतो थकण्याआधीचा हवा. घरच्यांना ती वेळ सांगून ठेवा. ‘मी चित्र काढतेय’ म्हटलं तर लोक हाक मारतात. ‘कामावर आहे’ म्हटलं की थांबतात.

ईमेल, बिलं, कुरिअर, फोटो काढणं, वेबसाइट नीट करणं यांना आठवड्यातला एक अर्धा दिवस नेमून द्या. ही कामं सगळ्या दिवसांत पसरली की प्रत्येक दिवस थोडा थोडा नासतो.

५. दर काढा, आणि तो तोंडातून बाहेर पडू द्या

आता गणित. चलनाचं नाव न घेता आकडे धरू, म्हणजे कुणालाही आपले आकडे त्यात घालता येतील.

समजा घर चालायला महिन्याला १०० लागतात. वर्षाचे झाले १२००. रंग, कागद, संगणक, सॉफ्टवेअर, प्रवास, कामाची जागा यांचे वर्षाला २००. आजारपण, कोरडे महिने आणि बचत यांसाठी आणखी २००. एकूण १६००. करासाठी जमेतले २० टक्के बाजूला काढायचे धरले, तर वर्षाची जमा २००० व्हायला हवी. २००० मधून २० टक्के गेले की १६०० हातात राहतात.

आता तास मोजू. वर्षाचे ५२ आठवडे, त्यातले चार सुट्टीचे आणि आजारपणाचे. राहिले ४८. आठवड्याला ४० तास धरले तर १९२० तास. पण यातले सगळे तास बिलात लागत नाहीत. क्लायंटशी बोलणं, कोटेशन देणं, पैशांसाठी आठवण करणं, सराव, फसलेले प्रयत्न, सामान आणणं यांत जवळजवळ निम्मे जातात. म्हणजे ज्यांचे पैसे मिळतात असे तास १००० च्या आसपास. २००० भागिले १०००, म्हणजे तासाचा दर २.

हाच माणूस नोकरदाराच्या चालीनं विचार करतो तेव्हा काय म्हणतो? महिन्याला १०० हवेत, महिन्यात १६० तास काम करतो, म्हणजे तासाला ०.६२ पुरे. दोन्ही आकड्यांत तिपटीहून जास्त फरक आहे. नव्या कलाकाराचा दर कमी असतो तो बहुतेक वेळा या एका चुकीच्या भागाकारामुळे. मग तो रात्रंदिवस राबतो, ऑर्डरी भरपूर असतात, आणि तरी हातात काही उरत नाही.

‘माझा हात हळू चालतो, त्याची शिक्षा क्लायंटला का?’ असं काहींना वाटतं. सुरुवातीला हे थोडं खरं असतं, म्हणून पहिल्या काही कामांत तास लिहून ठेवा. कुठलं काम किती वेळ घेतं हे कळलं की तासांचा दर क्लायंटला सांगायची गरज उरत नाही. कामाचा एकगठ्ठा आकडा सांगायचा. तास हा आपल्या वहीतला हिशेब आहे.

काही गोष्टींना मात्र तेवढा वेळ लागणारच. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली नेमकं हेच मांडलं. बेथोव्हेनची चार वाद्यांची रचना वाजवायला त्याच्या काळी चार माणसं आणि जेवढा वेळ लागायचा, तेवढाच आजही लागतो. कारखान्यात मात्र एक कामगार पूर्वीच्या कित्येक पट माल काढतो, त्यामुळे तिथली मजुरी वाढते. कलाकारालाही त्याच बाजारात राहायचं, तीच भाडी भरायची, पण त्याचं उत्पादन काही वाढत नाही. म्हणून इतर वस्तूंच्या मानानं हातची कला महागच होत जाते. दर सांगताना ज्यांना अपराधी वाटतं, त्यांनी हे लक्षात ठेवावं. तुमच्या आळसाचा इथे काही संबंध नाही, कामाची जातच तशी आहे.

तयार चित्रांचं थोडं वेगळं असतं. त्यांचा दर आकारावर बांधलेला बरा, म्हणजे ‘हे एवढं आणि ते तेवढं का?’ या प्रश्नाला सरळ उत्तर देता येतं. दोन पद्धती रूढ आहेत. एकीत चौरस इंच मोजतात. १२ बाय १२ इंचाचं चित्र १४४ चौरस इंच आणि २४ बाय २४ चं ५७६, म्हणजे किंमत थेट चौपट. दुसरीत लांबी आणि रुंदीची बेरीज करतात: २४ आणि ४८, म्हणजे किंमत दुप्पट. पहिल्या पद्धतीत छोटी चित्रं फारच स्वस्त आणि मोठी फारच महाग पडतात, म्हणून नव्या चित्रकाराला मी दुसरी सुचवते. फ्रेमचा खर्च वेगळा धरा. कोणतीही घ्या, पण मग त्याच पद्धतीला चिकटून राहा.

गॅलरी साधारणपणे विक्रीच्या किमतीतले ४० ते ५० टक्के ठेवते. हे ऐकून पोटात गोळा येतो, पण जागा, माणसं, गिऱ्हाईक यांचे ते पैसे असतात. तेव्हा किंमत ठरवतानाच निम्मी आपली नाही हे धरून ठरवा. आणि गॅलरीत लावलेलं चित्र घरून निम्म्या किमतीत देऊ नका. ही बातमी गॅलरीपर्यंत पोचतेच, आणि ज्यांनी पूर्ण किंमत मोजली त्यांच्यापर्यंतही.

उरला तो बोलण्याचा भाग. आकडा सांगा आणि गप्प बसा. ‘एवढे होतील, पण तुम्ही म्हणाल तसं’ हे वाक्य उच्चारलंत की घासाघीस तुम्हीच सुरू केलीत. भीड भिकेची बहीण असं उगाच म्हणत नाहीत. समोरच्याचं बजेट खरोखर कमी असेल तर काम कमी करा. पूर्ण रंगीत चित्राऐवजी दोन रंगांतलं, पाच चित्रांऐवजी तीन. तेच काम कमी पैशात केलं की तो तुमचा नवा दर होतो.

६. एका कामानं पुन्हा पुन्हा कमवावं

तासांना मर्यादा आहे, म्हणजे तासावरच्या कमाईलाही आहे. यावर कलाकारांनी फार पूर्वी तोडगा काढला. फ्रँकफर्टचे व्यापारी याकोब हेलर यांच्यासाठी जर्मन चित्रकार आल्ब्रेश्ट ड्यूरर यांनी वेदीचित्र, म्हणजे चर्चमधल्या वेदीवर लावायचं चित्र, करायला घेतलं. किंमत ठरली होती १३० गिल्डर, म्हणजे तेव्हाची सोन्याची नाणी. काम लांबत गेलं, ड्यूरर एकेका भागावर जीव ओतत बसले, आणि मग २०० मागू लागले. त्यांची पत्रं आजही वाचायला मिळतात. त्यात १५०९ मध्ये ते लिहितात, की असलं बारीक काम परवडत नाही, मी छापचित्रांनाच धरून राहिलो असतो तर आज हजार गिल्डरनं श्रीमंत असतो. एकदा कोरलेल्या पत्र्यावरून शेकडो छाप निघतात, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पण अशी मोठी चित्रं त्यांनी त्यानंतरही केली, हेही सांगायला हवं. छापांनी घर चालवलं, म्हणून ती करता आली.

राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछाप छापखाना काढला आणि मूळ तैलचित्र ज्यांना कधीच परवडलं नसतं अशा घरांच्या भिंतींवर त्यांची चित्रं गेली. पण तो छापखाना चालवता चालवता कर्ज वाढलं आणि शेवटी तो विकावा लागला. यातून नव्यानं घ्यायचं ते एवढंच, की छाप विकावेत, छापखाना मात्र दुसऱ्याचा असावा. ऑर्डर आली की छापून देणाऱ्या सेवा आता सगळीकडे आहेत, त्यामुळे घरात गठ्ठे करून ठेवायची गरज नाही. मर्यादित आवृत्ती काढलीत तर प्रत्येक छापावर पेन्सिलनं क्रमांक घाला, ५० पैकी सातवा असेल तर ७/५०, आणि सही करा. पन्नास म्हटलं की पन्नासच. एक्कावन्नावा काढलात तर पहिल्या पन्नासांना फसवलंत.

यातच चित्र वापराची परवानगी देणंही आलं: मुखपृष्ठ, दिनदर्शिका, कापड, वहीचं कव्हर. संगीतकाराला जाहिरातीत किंवा चित्रपटात धून वापरायला देण्याचे पैसे मिळतात, फोटोग्राफरला एकच फोटो अनेकांना देता येतो. सुरुवातीला यातून फार काही हाती येत नाही. दोन-तीन वर्षं साठत गेलं की मग जाणवायला लागतं.

७. लिहून घ्या

कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय बर्न करार १८८६ चा. बहुतेक सगळे देश त्यात आहेत, आणि त्यानुसार कॉपीराइटसाठी नोंदणी करावी लागत नाही. कलाकृती घडली की तो तुमचा. चित्र विकलं तरी साधारणपणे फक्त वस्तू विकली जाते, ते छापायचा हक्क तुमच्याकडेच राहतो. दोन ठिकाणी जपा. नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम सहसा मालकाचं असतं. आणि ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ असं लिहिलेल्या कागदावर सही केलीत की पुढे काही उरत नाही. पैसे घेऊन केलेल्या ऑर्डरीच्या हक्कांचे नियम देशागणिक वेगळे आहेत, म्हणून ते गृहीत न धरता लिहूनच ठेवावेत.

वकिली भाषेची गरज नाही. मुखपृष्ठाच्या कामाला एवढा निरोप पुरतो:

‘नमस्कार. आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे तपशील लिहितेय. एक रंगीत चित्र. आधी पेन्सिलचे दोन रफ देईन, त्यातला एक आपण निवडायचा. निवडलेल्या रफवर दोन वेळा दुरुस्त्या करून देईन, त्यापुढच्या प्रत्येक फेरीचे पैसे वेगळे. चित्र याच पुस्तकाच्या छापील आणि ई-आवृत्तीसाठी पाच वर्षं वापरता येईल; पोस्टर किंवा इतर वस्तूंसाठी वापरायचं असल्यास वेगळं ठरवू. मूळ चित्र आणि कॉपीराइट माझ्याकडे राहील. अर्धी रक्कम कामाला सुरुवात करण्याआधी, उरलेली फायनल फाइल पाठवण्याआधी. रफ दिल्यानंतर काम रद्द झालं तर आगाऊ रक्कम परत होणार नाही. मान्य असल्याचं एका ओळीत कळवलंत की सुरू करते.’

दुरुस्त्यांची संख्या लिहिली नाही तर काय होतं, ते ज्यानं ‘साडीचा रंग जरा बदलून बघू या’ असं सहाव्यांदा ऐकलंय त्याला विचारा. वापर कुठे आणि किती काळ हे लिहिलं नाही तर मुखपृष्ठाचं चित्र वर्षभरानं बॅगेवर दिसतं. आणि ड्यूरर यांच्या कामासारखं आपलंही लांबलं, तर १३० चे २०० मागताना हातात कागद असलेला बरा.

आगाऊ रक्कम मागितल्यावर जो रागावतो तो काम झाल्यावरही पैसे देणार नव्हता. या बाबतीत मी पक्की आहे.

८. फुकट मागतील तेव्हा

‘पैसे नाहीत, पण तुमचं नाव होईल.’ घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायला माणसं नेहमीच हवी असतात. फुकट काम अजिबात करू नये असं मी म्हणणार नाही. एखादी संस्था मनापासून आवडते, एखाद्या मित्राच्या नाटकाचं पोस्टर करायची हौस आहे, तर जरूर करा. फक्त ते दुसऱ्या यादीतलं काम आहे असं समजा: विषय तुमचा, पद्धत तुमची, दुरुस्त्या नाहीत. आणि बिल तरीही पाठवा. पूर्ण रक्कम लिहायची, खाली तेवढीच सूट दाखवायची, शेवटी देय रक्कम शून्य. समोरच्याला किंमत कळते आणि पुढच्या वेळी तो ‘मागच्यासारखंच’ म्हणत येत नाही.

ज्या कामात इतर सगळ्यांना पैसे मिळताहेत, छपाईवाल्याला, मांडववाल्याला, ध्वनिव्यवस्थेवाल्याला, आणि फक्त कलाकारानं फुकट करायचं, तिथे मात्र सरळ नाही म्हणा.

९. आता नोकरीचा प्रश्न

मी चार खुणा बघायला सांगते. सलग बारा महिने कलेची जमा लिहून ठेवली आहे, आणि त्यातल्या सगळ्यात वाईट तीन महिन्यांच्या सरासरीत घरखर्चाचा निदान अर्धा भाग निघतो. घर सहा महिने चालेल एवढे पैसे बाजूला आहेत. कोणताही एक क्लायंट निम्म्याहून जास्त कमाई देत नाही. एकच क्लायंट तेवढी देत असेल तर तुम्ही नोकरी सोडत नाही, फक्त मालक बदलताय, आणि तोही सुट्ट्या आणि विम्याशिवायचा. चौथी खूण सगळ्यात खात्रीची: वेळ नाही म्हणून पैसे देणारी कामं परत पाठवावी लागताहेत.

चारही असतील तर सोडा. दोन-तीन असतील तर नोकरीचे दिवस कमी करून मिळतात का बघा. आठवड्यातला एक दिवस मोकळा झाला तरी अंदाज येतो. आणि एकही नसेल, तर नोकरी ठेवण्यात कमीपणा कसला? काफ्का यांनी नोकरी सोडली ती क्षयामुळे काम अशक्य झाल्यावर. नोकरी ठेवून दुसरी आणि तिसरी यादी जोमानं चालवणारा कलाकार, सगळं सोडून पहिल्या यादीत अडकलेल्यापेक्षा कितीतरी मोकळा असतो. घरी जोडीदार असेल तर हे सगळे आकडे त्याच्यासमोर, तिच्यासमोर मांडा. ‘माझ्यावर विश्वास ठेव’ यापेक्षा बारा महिन्यांची वही दाखवणं सोपं जातं.

१०. वर्षातून एकदा

एक दिवस ठरवा आणि तीन गोष्टी करा. याद्या पुन्हा वाचा. एखादं काम पहिल्या यादीतून काढून टाकावंसं वाटत असेल तर त्याचा दर आधी वाढवून बघा, कधीकधी कंटाळा कामाचा नसतो, दराचा असतो. वर्षभरात कोणत्या कामानं तासाला खरे किती दिले ते काढा. सगळ्यात खालचं एक काम बंद करा. आणि पाचव्या पायरीतलं गणित नव्या आकड्यांनी परत मांडून दर बदला. नव्या गिऱ्हाइकाला नवा दर लगेच, जुन्यांना महिनाभर आधी कळवून:

‘नमस्कार. पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून माझे दर बदलत आहेत, नवं दरपत्रक सोबत जोडलं आहे. सध्या हातात असलेली आपली कामं जुन्याच दरानं पुरी करीन. आणखी काही ठरवायचं असेल तर या महिन्यात कळवलंत तर तेही जुन्या दरात बसेल.’

यात महागाईचं, घरच्या अडचणींचं कारण घालू नका. कारण दिलं की त्यावर चर्चा होते. एखादा जुना क्लायंट यानं गळेल, त्याची तयारी ठेवा. बाकीचे त्या महिन्यात राहिलेली कामं पाठवून देतात, तेव्हा तो महिना आधीच जरा मोकळा ठेवलेला बरा.